भाच्याची केस बाल न्याय मंडळापुढे, किती वर्षं आत ठेवतात?

भाच्याचा मामा:
मंडळी, ताईचा मुलगा, वय 16, दहावीत गणितात गेलेला. गेल्या आठवड्यात दोन मोठ्या पोरांबरोबर (19 आणि 22) बाजारातली मोटारसायकल ढकलत नेताना सापडला. ते दोघं कोर्टात, हा बाल न्याय मंडळापुढे. जामिनावर घरी आलाय. आता परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येणार म्हणे. दाजींचं मत, तेवढे दिवस पोराला माझ्याकडे पुण्याला पाठवावं आणि "पोरगं एकदम सरळ आहे" एवढंच सांगावं. शेजारी म्हणतात रिमांड होम पक्कं, सरकारी नोकरी विसरा. खरं काय?

जुना परिवीक्षावाला:
पोराला कुठेही पाठवू नका. 27 वर्षं हेच काम केलं. मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यात एक तरी बाई असते. पोलिसांचे कागद त्यांच्यापुढे असतातच, पण घर कसं आहे ते कळतं परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालातून. तो 15 दिवसांत द्यायचा असतो.

एका घरी गेलो, तर पलंगावर घडी न मोडलेली चादर, समोर पोहे, आणि सगळे एका सुरात "गुणी आहे हो". पोरगं मान खाली घालून. निघताना पायरीवर बसलेली आजी हळूच म्हणाली, "साहेब, ह्यो रात्री दुकानाच्या फळीवर निजतो. बाप पिऊन येतो न्हवं." अहवाल त्या वाक्यावर उभा राहिला. मंडळानं बापाला समुपदेशनाला बसवलं, पोराला मामाच्या ताब्यात देऊन देखरेख ठेवली. आजी बोलली नसती तर मी पोह्यांबद्दल काय लिहिणार होतो?

तेव्हा त्या दोघांशी ओळख कुठे झाली, नापास झाल्यावर घरात काय झालं, हातात पैसे कुठून येतात, हे सांगा.

साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून 2015 च्या बाल न्याय कायद्यात ती 'किरकोळ' गुन्ह्यात येते. समज देऊन घरी सोडणं, गटसमुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, असे बरेच मार्ग आहेत. विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात) जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, पण पहिल्याच गाडीचोरीला तसा आदेश माझ्या पाहण्यात नाही.

वाईची वकीलीण:
साहेबांशी सहमत. माझी भर वयाची. गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा, हाडांची तपासणी अगदी शेवटी. दोन दाखल्यांवर दोन तारखा असतील (असतात!) तर वकिलाला आजच सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न किमान सात वर्षं शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यातच येतो. तुमचं ते प्रकरण नाही. चौकशीला चार महिने, वर दोन वाढवून मिळतात; किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही उरकली नाही तर ती बंद होते. आणि नोकरी: 2015 च्या कायद्याचं कलम 24 वाचा. दोषी ठरला तरी त्यामुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही. शेजाऱ्यांनाही वाचायला द्या.

भाच्याचा मामा:
आभार. दाजी विचारतात, पुण्याच्या पोर्शेवाल्यासारखा निबंध लिहून भागेल का?

जुना परिवीक्षावाला:
दाजींना सांगा, मे 2024 मधल्या त्या पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन पोराला सांगितलेला 300 शब्दांचा निबंध जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. निम्म्या महाराष्ट्रानं ती शिक्षाच समजून शिव्या घातल्या. तुमच्या भाच्याला जामीन मिळालाय. निबंध राहू द्या, गणिताचा फॉर्म भरा आणि त्याची पावती अधिकाऱ्याला दाखवा.

भाच्याचा मामा:
ताईला फोन केला. पोरगं घरीच थांबतंय. ती विचारतेय, पोहे करू का?

जुना परिवीक्षावाला:
नुसता चहा. आणि आजी असतील तर त्यांना आत बसवू नका.