ग्वानाह्वातो (मेक्सिको) : गुडघेदुखी असलेल्या आईसोबत पायी कसे फिरावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त आम्ही दोघे ग्वादालाहाराला असतो. जानेवारीत साताऱ्याहून आई-बाबा येत आहेत आणि त्यांना घेऊन ग्वानाह्वातोला मुक्कामाला जायचे ठरले आहे. शहर पायीच बघायचे यावर घरात एकमत आहे, घोडे अडलेय ते वाटा ठरवण्यात. बाबा अजूनही दर रविवारी अजिंक्यतारा चढून येतात. आईला सपाटीवर कितीही चालवा, तक्रार नाही. पण तिच्या उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे आणि पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार लागतोच.

नकाशा बघून काही उमगत नाही, ही खरी अडचण. शहर अरुंद दरीत वसलेले आणि दोन्ही अंगांना डोंगरावर घरे चढत गेलेली. नकाशावर दोन ठिकाणे अगदी शेजारी दिसतात, पण फोटो बघावेत तर मधली गल्ली म्हणजे नुसता जिनाच. काही वेळा नकाशाची रेघ सरळ बोगद्यात शिरते. वरचा रस्ता कुठला आणि खालचा कुठला तेच समजत नाही.

मला हवी आहे ती आईला झेपेल अशी निदान एक पूर्ण वाट, जिच्यावर शहराचा गाभा बघून होईल. 'आजी-आजोबांना चौकात बसवा आणि तुम्ही फिरून या' हा सल्ला कृपया नको. आई इतक्या लांबून बसून राहायला येत नाहीये. सोबत बाबांसाठी एखादा डोंगर सुचवलात तर उत्तम. शिवाय दोघे शाकाहारी आहेत, आणि ग्वानाह्वातो राज्यातल्या हाणामारीच्या बातम्या वाचून बाबांनी दोनदा फोन केला आहे. त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

आगाऊ धन्यवाद.
– कोयनाकाठ

घाटवाटा :

ताई, आधी एक सांगतो. 'वर टॅक्सीने जा आणि चालत खाली या' असे बरेच जण सुचवतील. आईंच्या बाबतीत ते अजिबात करू नका. झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणे जास्त जाचते, आणि तिथल्या गल्ल्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. सलग उतार हवा, पण जिना नको. तशी वाट तिथे आहे, कारण दरीच्या तळातून पूर्वी नदी वाहायची आणि गावाचे मुख्य रस्ते तिच्याच अंगाने गेलेत.

सकाळी टॅक्सीने प्रेसा दे ला ओय्या या धरणापर्यंत जा. अठराव्या शतकात गावाच्या पाण्यासाठी बांधलेले छोटे धरण आहे, बाजूला बाग आहे, होड्याही मिळतात. तिथून पासेओ दे ला प्रेसा हा रस्ता हळूहळू उतरत गावाकडे येतो. दोन्ही बाजूंना खाणमालकांच्या काळातले वाडे आहेत आणि या वाटेवर पर्यटकांची झुंबड नसते. पुढे एम्बाहादोरास बागेत बसायला सावली आहे. तिथून सोपेन्या रस्त्याने थेट हार्दिन दे ला उनिओन, म्हणजे गावाचा त्रिकोणी चौक. छाटून त्यांचे छप्पर केलेली तिथली झाडे आपल्या नांदरुकीच्या कुळातली आहेत, आईंना दाखवा. समोर तेआत्रो हुआरेस, १९०३ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दिआस यांच्या हस्ते उघडलेले नाट्यगृह. धरणापासून इथवर साधारण दोन किलोमीटर.

जेवून, जरा पडून, मग पुढचा टप्पा. प्लासा दे ला पास हा चौक, तिथले पिवळेधमक मोठे चर्च (बासिलिका), तिथून हुआरेस रस्त्याने मेर्कादो इदाल्गो. लोखंडी छताची ही मंडई १९१० ची. तिथे ममीच्या आकाराची साखरेची पिळदार मिठाई विकतात, चारामुस्का म्हणतात तिला. जवळच आलोन्दिगा दे ग्रानादितास. हे धान्याचे कोठार होते. २८ सप्टेंबर १८१० ला स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या इदाल्गो या पाद्र्याच्या बंडखोरांनी ते घेतले. 'पिपिला' नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी फरशी घेऊन गोळ्या चुकवल्या आणि दाराला आग लावली, अशी कथा सांगतात. वर्षभरात बंडाचे म्होरके पकडून मारले गेले. इदाल्गो, आयेन्दे, आल्दामा आणि हिमेनेस या चौघांची मुंडकी या इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगली गेली, ती १८२१ पर्यंत तिथेच होती. आत जायच्या आधी बाहेरून एक चक्कर मारा आणि प्रत्येक कोपऱ्यावर मान वर करून बघा, नावे लिहिलेली आहेत. मला विचाराल तर आतल्या संग्रहालयाइतकेच हे महत्त्वाचे.

परतताना त्याच रस्त्याने येऊ नका. पोसितोस रस्त्याने या. १८८६ साली चित्रकार दिएगो रिवेराचा जन्म झाला ते घर याच रस्त्यावर आहे, संग्रहालय आहे आता. थोडा चढ आहे पण जिना नाही. पुढे विद्यापीठाच्या भल्यामोठ्या पांढऱ्या पायऱ्या लागतात. त्या चढायची गरज नाही, खालून बघितल्या तरी पुष्कळ.

बोगद्यांचे म्हणाल तर, कायये सुबतेर्रानेआ हा जमिनीखालचा रस्ता म्हणजे जुने नदीपात्रच. हे गाव पुरांनी फार पोळलेले, १९०५ चा पूर तर भयंकर होता. पाणी दुसरीकडे वळवले आणि १९६० च्या दशकात कोरड्या पात्रातून गाड्या सोडल्या. वर बघितले की जुन्या पुलांच्या कमानी आणि त्यांवर घरे दिसतात. थोडे अंतर जरूर चाला, पदपथ आहे. पण धूर कोंडतो आणि वर यायला पायऱ्याच असतात, तेव्हा हा तुकडा बाबांसाठी ठेवा. बोगद्यात फोनचा नकाशाही भरकटतो. दुकानदाराला विचारलेले बरे.

चिंचगूळ :

घाटवाटा, फार छान लिहिलेत. धरणाकडून सुरुवात करायची कल्पना मलाही सुचली नसती.

शाकाहाराबद्दल : नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. घोटलेल्या फ्रिहोलेसमध्ये, म्हणजे राजम्यासारख्या कडधान्यात, बरेचदा डुकराची चरबी असते, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोय्यो' (चरबी नको, कोंबडीचे पाणी नको) हे कागदावर लिहून आईजवळ द्या. तिथली खासियत म्हणजे एन्चिलादास मिनेरास. लाल मिरचीत बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, आत चीज, वर बटाटा आणि गाजर. कोंबडी घालू नका म्हणून आधीच सांगायचे.

आणखी एक. गाव साधारण २००० मीटरवर आहे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे तिथली मंडईसुद्धा कळसूबाईपेक्षा उंच! ग्वादालाहाराहून जाताय म्हणून तुम्हाला जाणवणार नाही, पण आई-बाबा नुकतेच साताऱ्याहून आलेले असतील तर पहिल्या दिवशी दम लागेल. जानेवारीत दुपारी ऊन चटका देते आणि रात्री स्वेटर लागतोच. काठीला रबरी बूच नक्की लावा, दगडांच्या फटीत काठी अडकते.

कोयनाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. उतारापेक्षा जिना वाईट, हे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, 'हे मी तुम्हाला कधीपासून सांगतेय.'

पिपिलाच्या पुतळ्यापासून सगळे गाव दिसते म्हणतात, तिथे तिला नेता येईल का? आणि बाबांचा डोंगर राहिलाच.

घाटवाटा :

येईल की. नाट्यगृहाच्या मागून फुनिकुलार, म्हणजे रुळावरची तिरकी गाडी, वर जाते. जाताना-येताना दोन्ही वेळा तिनेच या. बाबांना सोपेन्याकडून सुटणाऱ्या कायेहोन देल काल्वारिओ गल्लीने चढू द्या, ते वर भेटतील. उन्हे कलताना जा, दरीतल्या सगळ्या रंगीत भिंती एकदम उजळतात. खाली आल्यावर नाट्यगृहाशेजारच्या सान दिएगो चर्चपाशी संध्याकाळी एस्तुदिआन्तीना जमतात. जुन्या स्पॅनिश वेशातले गायक-वादक लोकांना घेऊन गल्लीबोळांतून गात फिरतात. आईंना गल्ल्या चढायला नकोत, पण सुरुवातीची गाणी चर्चसमोरच होतात, ती आरामात ऐकता येतील.

बाबांसाठी ला बुफा. गावाच्या दक्षिणेचे उघडे कातळ, वाट पानोरामिका या वळसा घालणाऱ्या रस्त्यावरून सुटते. ३१ जुलैला सान इग्नासिओच्या सणाला सगळे गाव तिथल्या गुहेकडे चालत जाते, इतकी ती वाट रुळलेली आहे. सावली नाही, पाणी नाही, म्हणून सकाळी लवकर निघा. एकट्याने जाऊ देऊ नका. आणि डोंगरात कुठेही पायवाट सोडायची नाही, हा सगळा मुलूख खाणींचा, जुनी विवरे उघडी असू शकतात.

खाण बघायची तर ला वालेन्सियाना, गावापासून पाचेक किलोमीटर. बस किंवा टॅक्सीने जा, चालत नको, तो रस्ता वाहनांचा आहे. खाणीत उतरायला पायऱ्या आहेत, आईंनी त्या वेळात समोरचे सान कायेतानो चर्च बघावे. १७८८ साली पुरे झालेले, आतल्या सोनेरी वेद्या बघायला अर्धा तास कमी पडतो.

बातम्यांचे म्हणाल तर त्या बहुतेक सखल भागातल्या औद्योगिक शहरांच्या असतात. काळजी घ्यायचीच. महामार्गाचा प्रवास दिवसाउजेडी करा, अंधार पडल्यावर वरच्या निर्जन गल्ल्यांत शिरू नका. चौकात आणि नाट्यगृहाच्या आसपास रात्री उशिरापर्यंत कुटुंबे बसलेली असतात. बाबांना हे सांगा.

कोयनाकाठ :

सांगितले. आता ते ला बुफाचे फोटो मागत आहेत.

सान कायेतानो चर्चचा बेत आईला फार आवडला आहे. मुक्काम एम्बाहादोरासच्या आसपास बघतेय, म्हणजे धरणाकडे आणि चौकाकडे, दोन्हीकडे जाताना जिना लागणार नाही. हॉटेलला फोन करून दारापर्यंत टॅक्सी येते का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे हे विचारणार आहे.

सांता रोसाच्या ओकच्या जंगलात जानेवारीत कुणी गेले आहे का? दोलोरेस इदाल्गोच्या रस्त्यावर आहे ते. तिथे सपाट पायवाट असेल तर एक दिवस वाढवता येईल.