अधिवेशन, सत्र, बैठक

प्रश्न : ‘राज्यघटनेनुसार विधानसभेची वर्षातून किमान दोन अधिवेशने बंधनकारक आहेत’ असे वाक्य स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आढळते. ते बरोबर मानावे का? अधिवेशन आणि बैठक हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर बिघडते काय?

उत्तर : बिघडते. वर्षातून किमान दोनदा सभागृह बोलावण्याची अट 1950 च्या मूळ मजकुरात होती. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती वगळली. अनुच्छेद 174 मध्ये आज एवढेच बंधन आहे की, एका सत्राची शेवटची बैठक आणि पुढील सत्राच्या पहिल्या बैठकीचा दिनांक यांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये. म्हणजे घटना खंड मोजते, कामाचे दिवस मोजत नाही.

घटनेच्या मराठी पाठातील ‘सत्र’ ते आपले रोजच्या बोलण्यातील ‘अधिवेशन’, आणि त्यातील एका दिवसाचे कामकाज ती ‘बैठक’. बैठक तहकूब करतात अध्यक्ष. अधिवेशन संस्थगित करतात, म्हणजे ते औपचारिकरीत्या संपवतात, राज्यपाल. वर्तमानपत्रे मात्र दोन्ही प्रसंगी ‘सूप वाजले’ असे लिहून मोकळी होतात. पंजाबात 2023 मध्ये मार्चचे अर्थसंकल्पीय अधिवेशन अनिश्चित काळासाठी तहकूब झाले होते, पण संस्थगित झालेले नव्हते. त्याच अधिवेशनाची पुढची बैठक म्हणून अध्यक्षांनी जूनमध्ये सभागृह बोलावले, राज्यपालांनी तिच्या वैधतेवर आक्षेप घेतला आणि अखेर नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बैठक वैध ठरवली. सूप वाजलेच नव्हते, असे म्हणायचे.

प्रश्न : मग महाराष्ट्रात होणारी तीन अधिवेशने पुरेशी समजावीत का?

उत्तर : अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात, ही परंपरा आहे. 1953 च्या नागपूर करारानेही वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे इतकेच म्हटले, त्यामुळे आठवड्याभरात आटोपलेले हिवाळी अधिवेशनही कराराच्या अक्षराला धरूनच असते. बैठकांची अट माझ्या मते अधिवेशनांच्या अटीपेक्षा अधिक उपयोगाची आहे. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने 2002 मध्ये तसेच सुचवले होते : 70 पेक्षा कमी सदस्यांच्या विधानसभेने वर्षाला किमान 50 दिवस आणि इतरांनी 90 दिवस बसावे. त्या हिशेबाने 40 सदस्यांच्या गोव्याला 50 दिवस, तर 288 सदस्यांच्या महाराष्ट्राला 90 दिवस लागू होतात. ती शिफारसच राहिली, हे वेगळे सांगायला नको.

बैठक मोजतानाही थोडी सावधगिरी हवी. पहिल्या दिवशी अध्यादेश पटलावर ठेवले जातात, पुरवणी मागण्या सादर होतात, शोकप्रस्ताव मांडला जातो आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब होते. नोंदीत तीही एक पूर्ण बैठकच. म्हणून ‘दोन आठवड्यांचे अधिवेशन’ असे न लिहिता ‘दहा बैठकांचे अधिवेशन’ असे लिहावे, आणि शक्य असेल तेथे कामकाजाचे तासही द्यावेत.