गीझर, एसीच्या वायरला लग आणि रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल हवंच. पीळ मारून टेप चालणार नाही

चिंचपोकळीकर (धागाकर्ती)
गेल्या महिन्यात आमच्या गीझरच्या सॉकेटमागून जळका वास यायला लागला. बोर्ड उघडला तर फेजच्या वायरचं इन्सुलेशन बोटभर काळं पडून चुरा झालेलं. एमसीबी (करंट जास्त गेला की आपोआप पडणारा स्विच) मात्र शांत. तो पडणार तरी कसा? करंट जास्त नव्हताच. तीन किलोवॉटचा गीझर, म्हणजे १३ अँपिअर. खोट सांध्यात होती. मागच्या दुरुस्तीत वायर तोकडी पडली म्हणून कारागिराने तुकडा जोडला, दोन्ही टोकं सोलून पीळ मारला आणि वर टेप गुंडाळली.

हिशेब करून पाहा. असा सांधा सैल होऊन तिथला रोध नुसता ०.१ ओहम झाला, तरी १३ अँपिअरला १७ वॉट उष्णता निघते. टेपखाली, बंद बोर्डात, नखाएवढ्या जागेत १७ वॉट! सोल्डरिंगचं लहान आयर्न २५ वॉटचं असतं.

लग म्हणजे वायरच्या सोललेल्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी, आणि हे दाबणं म्हणजे क्रिम्पिंग. बरोबर दाबलेल्या लगमध्ये तारा आणि नळी एकमेकांत इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवा शिरत नाही. आपल्या मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे फार मोलाचं, कारण उघडं तांबं इथे दोन पावसाळ्यांत काळं पडतं. म्हणून लगही कथलाचा मुलामा असलेला घ्यावा. टूल रॅचेटचंच घ्यावं. पूर्ण दाब बसेपर्यंत ते उघडतच नाही, त्यामुळे काम हाताच्या ताकदीवर राहत नाही. साध्या पकडीने चेपलेला लग वरून चपटा दिसतो, आत तारा मोकळ्याच.

लगचे रंग लक्षात ठेवा: लाल दीड स्क्वेअर एमएमपर्यंतच्या वायरला, निळा दीड ते अडीच, पिवळा चार ते सहा. वायरमनकडे हे टूल नसेल तर गीझर, एसीला हात लावू देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅनेलवाला भांडुप
ताई, पिळाबद्दल शंभर टक्के सहमत. पण लग सगळीकडे हवाच, हे पटत नाही. मी रोज पॅनेल बांधतो. एमसीबीच्या तोंडात गोल पिन लग घातला की जाड वायरचा करंट एका बारीक काडीतून जायला लागतो आणि स्क्रूची पकडही फक्त त्या काडीवर. त्यापेक्षा अडीचची वायर नीट सोलून, एकही तार बाहेर न ठेवता सरळ घालून आवळलेली कितीतरी चांगली. रिंग किंवा यू लग स्टडला (उभ्या बोल्टला) नाहीतर सपाट स्क्रूखाली. एमसीबीच्या चौकोनी तोंडात ते बसतच नाहीत.

मल्टीस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक तारांची वायर असेल तर तिथे एंड स्लीव्ह (तारांच्या टोकावर दाबायची पातळ नळी) वापरा. तिलाच फेरूलही म्हणतात, पण दुकानात नुसतं 'फेरूल' मागू नका. आपल्याकडे फेरूल म्हटलं की वायरवर नंबर घालायच्या पिवळ्या रिंगा हातात देतात. आणि स्लीव्हचे रंग लगसारखे नसतात. जर्मन डीआयएन पद्धतीत दीडला काळी, अडीचला निळी, चारला राखाडी. पाऊणच्या वायरलाही राखाडीच! रंगावर जाऊन फसू नका, आकडा वाचा.

डायही (टूलच्या जबड्यातला दाबायचा साचा) वेगळी लागते. इन्सुलेटेड लगची डाय लंबगोल दाबते, स्लीव्हची चौकोनी किंवा समलंब. लगच्या टूलने स्लीव्ह दाबली की ती एका बाजूने फाटते. तुम्ही म्हणता ते 'एक टूल' मुळात दोन टूल आहेत.

जुना वायरमन
मी चाळीस वर्षं गिरगाव, लालबागच्या चाळींत काम केलं. पीळ मारणारे सगळे चोर, असा सूर इथे लागला म्हणून लिहितो. आम्ही पीळ मारून वर सोल्डर करायचो, मग टेप. माझे सांधे आजही उघडून बघा.

दुसरं, पैशाचं बोला. बिघाड काढायला बोलावतात आणि तीनशे रुपये सांगितले की घासाघीस सुरू. त्यात मी रॅचेट टूल, पाच प्रकारचे लग, दोन डाय घेऊन चार जिने चढायचे आणि एका लगचे पाच रुपये लावले तर 'हे कशाला?' असं ऐकायचं. गिऱ्हाईकाला टेप दिसते, लग दिसत नाही. पोरगं स्वस्त टूल घेतं ते काही हौस म्हणून नाही.

चिंचपोकळीकर
काका, चोर कुणालाच म्हटलं नाही, पण बोल मनाला लागला असेल तर माफी मागते. पैशाचं तुमचं खरं आहे. लगचे आणि टूलचे पैसे आम्ही वेगळे द्यायला हवेत, आणि मी देईन. पण माझ्याकडच्या सांध्यावर सोल्डर नव्हतं हो. आता किती जण करतात?

कारशेडमधून निवृत्त
सोल्डरबद्दल काकांशी असहमत. लोकलच्या डब्याखालची वायर दिवसभर हादरते, तिथे आम्ही लगच दाबायचो. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे वायर ताठ होते. हादऱ्याने ती नेमकी तिथेच तुटते. शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, म्हणजे सांधा तापला की वाचवायच्या ऐवजी निसटतं. आणि सोल्डर केलेलं टोक स्क्रूखाली कधीच आवळू नये. ते मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही काळाने स्क्रू सैल. क्रिम्पिंग काही कालपरवाचं फॅड नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एएमपी (एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स) कंपनीच्या नावातच विमान आणि जहाज होतं. त्यांच्यासाठी बिनसोल्डरचे टर्मिनल ती बनवायची.

ॲल्युमिनियमची जुनी वायर असेल तर मात्र तांब्याचा लग दाबू नका. ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि दोन धातू दमटपणात एकमेकांना खातात. तिथे दोन धातूंचा बायमेटल लग आणि ऑक्साइड रोखणारी पेस्ट लागते.

जुना वायरमन
साहेब, भिंत लोकलसारखी हादरत नाही. स्क्रूखाली सोल्डर नको, हे मान्य. मी तारेतल्या सांध्याबद्दल बोलत होतो.

कारशेडमधून निवृत्त
भिंत हादरत नाही, पण गीझर दिवसातून चार वेळा तापतो आणि गार होतो. तांबं तेवढ्या वेळा फुगतं, आकसतं. हाही हादराच समजा.

गोरेगावकर
एवढा वाद कशाला? लिव्हरवाले कनेक्टर लावा. वॅगो कंपनीचा २२१ चार स्क्वेअर एमएमपर्यंत ३२ अँपिअर घेतो. वायर ११ मिलिमीटर सोलायची, लिव्हर उचलायची, घालायची, दाबायची. पारदर्शक असल्याने तार आत गेली की नाही ते दिसतं. टूल नको, डाय नको. मी घरातले सगळे पंखे, दिवे त्यावर केले.

पॅनेलवाला भांडुप
चीज उत्तम आहे, मीही वापरतो. पण तसाच दिसणारा माल बाजारात ढीगभर आहे आणि आतली स्प्रिंग कशी आहे ते बाहेरून कळत नाही. गीझरला लावणार असाल तर खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. शिवाय जुन्या खोल्यांच्या उथळ बोर्डात सॉकेटमागे तो मावतो का, तेही बघा.

चिंचपोकळीकर
इथे एक कबूल करते. शनिवारी नागदेवी स्ट्रीटवरून रॅचेट टूल आणलं, लोहार चाळीतून लग. घरी जुन्या तुकड्यावर दहा लग दाबले आणि ओढून पाहिले. चार हातात आले! दोन ठिकाणी वायर कमी सोलल्यामुळे नळीत तारांऐवजी इन्सुलेशनच गेलं होतं. उरलेल्या दोन ठिकाणी एकची वायर निळ्या लगमध्ये घातली होती. टूलने पूर्ण दाब दिला, टकटक आवाजही नीट आला, तरी सांधा खोटाच. म्हणजे रॅचेट असलं की काम बरोबर होतं, हे मी वर लिहिलं ते अपुरं होतं. माप जुळायला हवं आणि प्रत्येक लग ओढून पाहायलाच हवा. पॅनेलवाल्या दादांचं एमसीबीबद्दलचं म्हणणंही मान्य.

पण पीळ आणि टेप यावर मी मागे हटणार नाही.

जुना वायरमन
ताई, आता माझं ऐका. तुमच्या गीझरला लग, सोल्डर, लिव्हर काहीच नको. सांधाच नको. एमसीबीपासून सॉकेटपर्यंत अखंड वायर ओढा. आम्ही चांगल्या घरात पाइपात सांधा कधीच ठेवला नाही. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधा आणि दुसरीकडून ओढा.

चिंचपोकळीकर
तेच आधी केलं, काका. मेन बंद करून, टेस्टर लावून दोघांनी ओढलं. हातभर आली आणि स्वयंपाकघराच्या वळणावर अडकली. पाइपात तीन वायरी आहेत आणि रंगारी बहुतेक सिमेंट सोडून गेला आहे.

जुना वायरमन
मग वळणावर भिंत थोडी फोडा आणि उघडता येईल असा जंक्शन बॉक्स बसवा. तिथून दोन्हीकडे नवी वायर जाईल. बॉक्समध्ये सांधा करायचाच असेल तर तुमचा लग करा. माझी हरकत नाही, पण झाकण प्लास्टरखाली गाडू नका.

पॅनेलवाला भांडुप
आणि ताई, वायर अडीचची टाकताय की चारची? पुढे तिथे मोठा गीझर लावायचा विचार असेल तर चारची टाका. मग लग पिवळा घ्यावा लागेल, निळ्यात चारची बसणार नाही.

चिंचपोकळीकर
चारची. उद्या गवंडी येतोय. पिवळे लग आणले, वीस जास्तीचे, सरावाला.