नोकरी करून सेवा करणारा आणि पूर्णवेळ पाळक, आमच्या मंडळीत धुसफूस. काय करावं?

तिसरी_शिफ्ट:
सर्वांना सलाम. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे, शिफ्ट ड्युटी. सेरामपूरचा धर्मशिक्षणाचा कोर्स बाहेरून केला आणि सहा वर्षं झाली मंडळीत सहायक म्हणून सेवा करतोय, पगार नाही, पेट्रोलसुद्धा माझंच. पूर्णवेळ पाळकसाहेब आहेत, माणूस चांगला, माझ्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांनीच केला. पण वर्षभर काहीतरी बिनसलंय. मागच्या गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलायचं असतं, त्यांपैकी पाचवा, "मला तहान लागली आहे", माझ्याकडे होता, रात्रपाळी करून तसाच गेलो आणि लोक म्हणाले छान झाला. यंदा यादीत नावच नाही. विचारलं तर "तुम्हाला ड्युटी असते, म्हणून त्रास दिला नाही". अहो मी सुट्टी टाकून बसलो होतो! वर कुणाच्या तरी घरच्या प्रार्थनेत म्हणाले म्हणे की दोन डगरींवर पाय ठेवून सेवा होत नसते. मग प्रेषित पौल पोटासाठी तंबू करायचा ते काय होतं, प्रेषितांची कृत्ये १८:३? माझं काय चुकलं ते तरी सांगा. वार्षिक सभेत मी एवढंच बोललो होतो की मी मंडळीचा एक रुपया घेत नाही. ते खरंच आहे.

पाळकीणबाई:
भाऊ, रागावू नका, पण ती शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिलीत आणि सगळं दुखणं तिथेच आहे. माझे मिस्टर १९ वर्षं पूर्णवेळ सेवेत आहेत. पगारवाढीचा विषय निघाला की कमिटीतला एक तरी वडील म्हणतोच, "अमके भाऊ तर फुकट करतात, मग यांना कशाला वाढवायचं?" तुम्ही तसं म्हणाला नसाल हो, पण तुमचं वाक्य तसंच वापरलं जातं. रात्री दोनला फोन आला की उठायचं, सरकारी दवाखान्यातून बॉडी ताब्यात मिळेपर्यंत नातेवाइकांसोबत बाकड्यावर बसायचं, बदली झाली की पोरांच्या शाळा बदलायच्या. राहतो ते घर मंडळीचं, रिटायर झालो की खाली करायचं. तुमच्या मागे पीएफ आणि मेडिक्लेम आहे, आमच्या मागे प्रार्थना-विनंत्यांची यादी. आणि पौलाचं म्हणाल तर त्याच्याच पत्रातला १ करिंथ ९ पूर्ण वाचा. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं हे त्यानेच लिहिलंय. स्वतःचा हक्क त्याने सोडला, दुसऱ्या कुणाला सोडायला नाही सांगितलं. उलट त्याच अध्यायात केफा म्हणजे पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरतो असंही आहे, म्हणजे आम्हा बायकांचा खर्चसुद्धा मंडळीवरच 🙂

नेवाशाचा_मास्तर:
दोघांचंही पटतंय, पण हे "पूर्णवेळ" "अर्धवेळ" प्रकरण आपल्याकडे कुठून आलं ते बघा. माझे आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर. आठवडाभर पोरांना बाराखडी, रविवारी त्याच खोलीत उपासना, कुणी मेलं तर मातीही तेच देणार. दीक्षा घेतलेले पाळक कधीमधी यायचे, प्रभुभोजन द्यायला. आजोबांना कुणी अर्धा सेवक म्हटलं नाही. म्हणजे खेड्यातली मंडळी उभी राहिली ती या मास्तर लोकांवर, आणि पगार दोन्हीचा मिळून एकच, मिशनचा. मिशनचा पैसा आटला आणि मंडळीला स्वतःच्या दशमांशावर पाळक पोसायची वेळ आली तिथून ही भांडणं वाढली असं माझं मत आहे, दशमांश म्हणजे किती जण खरंच दहावा भाग टाकतात ते आपण सगळे जाणतो, त्यावर न बोललेलं बरं.

आणि हा वाद काही चाकणचा नाही. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ ला बंगालमध्ये आला, पैसे संपले, मग मालदा भागात निळीच्या कारखान्यावर मॅनेजर झाला आणि इंग्लंडला कळवलं की आता मला तुमच्या पैशाची गरज नाही. तिकडच्या कमिटीने कौतुक करायचं सोडून उलट ताकीद दिली की धंद्यात गुंतू नकोस, आणि ते त्याला फार लागलं. पुढे १८०१ पासून तोच केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा, बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीसुद्धा. त्याचं मराठी व्याकरण १८०५ चं. तो पगार सेरामपूरला एकत्र राहणाऱ्या मिशनऱ्यांच्या सामायिक तिजोरीत जायचा. हे महत्त्वाचं आहे, कमावणारा आणि न कमावणारा एकाच पंगतीला जेवत होते, त्यामुळे "मी एक रुपया घेत नाही" हे वाक्य तिथे कुणाला सुचलंच नसतं.

उलटं उदाहरण कवी ना. वा. टिळकांचं. १९०४ ला पाळक म्हणून दीक्षा झाली, आणि १९१७ ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा स्वतःचा बंधुसंघ काढला. त्यांना पगारच बेडी वाटली. सगळ्यांना ते जमत नाही आणि सगळ्यांनी करूही नये, घरात पोरं असतात.

पाळकसाहेबांनी नाव गाळलं ते चूकच. पण भाऊ, तुम्हीही सभेत हिशोब मांडलात.

पॉलिसीवाला:
मी पूर्णवेळ होतो, भागत नाही म्हणून विम्याची एजन्सी घेतली. पहिल्याच वर्षी लक्षात आलं, घरभेटीला गेलो की लोक दार उघडताना चेहरा पाडतात, प्रार्थना करायला आलाय का पॉलिसी विकायला हेच कळेना त्यांना. शेवटी मंडळीतल्या लोकांना विकणं बंद केलं आणि कमिशन निम्म्यावर आलं. तंबू करायचा तर करा, पण गिऱ्हाईक बाहेरचं बघा.

वसईकर:
आमच्या कॅथलिकांत फादरला बायकापोरं नसतात त्यामुळे हा घोळ कमी. पण आता लग्न झालेले डिकनही, म्हणजे फादरच्या खालचे दीक्षित सेवक, असतात, नोकरी सांभाळून बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात. मिस्सा मात्र फादरचीच. कुणाचं काम काय हे आधीच ठरलेलं असलं की अर्धं भांडण मिटतं बघा.

तिसरी_शिफ्ट:
पाळकीणबाई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. ते वाक्य कमिटीत वापरलं जात असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. सेक्रेटरीकडे चौकशी केली, तर पाळकसाहेबांची वाढ खरंच त्याच सभेत पुढे ढकलली गेली, आणि मिनिट्समध्ये माझं वाक्य जसंच्या तसं आहे. पुढच्या सभेत मीच वाढीचा ठराव मांडणार. उद्गाराचं मात्र अजून लागतंय, ते खोटं कशाला बोलू. सोमवारी माझी दुसरी शिफ्ट आहे, सकाळी त्यांच्या घरी जाऊन येतो.

पाळकीणबाई:
सोमवारी नको हो भाऊ! पाळकाला तेवढा एकच दिवस झोपायला मिळतो. मंगळवारी जा.