गर्भपाताच्या गोळ्या: पाचही एकदम का घ्यायच्या नाहीत?

आशा सेविका, करवीर
आमच्याकडे काही बायका कुणाकडून तरी पाकीट मागवतात आणि पाचही गोळ्या एका दमात घेतात. मग कितीतरी दिवस अंगावरून जात राहतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यावर घरी नेमकं काय सांगायचं? अंतर कशासाठी, आणि किती रक्त गेलं की गाडी बोलवायची?

परिचारिका, शाहूपुरी
ताई, आधी पाकीट हातात देऊन दाखवा. वेगळी असलेली एक गोळी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची, बाकीच्या चार मिसोप्रोस्टोल २०० मायक्रोग्रॅमच्या. ही दोन निराळी औषधं आहेत. पहिली प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं, काम अडवते, मग गर्भाच्या पिशवीचं आतलं अस्तर सुटायला लागतं आणि पिशवी दुसऱ्या औषधासाठी तयार होते. त्याला २४ ते ४८ तास लागतात. एकदम घेतल्या तर कळा येतात, रक्तही जातं, पण पिशवी पूर्ण रिकामी होईल याचा भरवसा कमी होतो.

पहिली पाण्याबरोबर गिळायची. तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवायचं. नंतरच्या चार डॉक्टरांनी सांगितलं असेल तशाच घ्यायच्या. गालात ठेवायला सांगितलं असेल तर दोन-दोन दोन्ही बाजूंना, गाल आणि हिरडी यांच्या मधे, अर्धा तास धरायच्या आणि उरलेला चुरा पाण्याने गिळायचा. लगेच गिळल्या तर परिणाम कमी होतो, सात आठवड्यांनंतर तर जास्तच. कळांसाठी डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिली असेल तर काहीतरी खाऊन आधीच घेऊ द्या.

त्या दिवशी थंडी वाजणं, जुलाब, थोडा ताप हे मिसोप्रोस्टोलमुळे होतं. २४ तास उलटूनही १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल, किंवा घाण वास येत असेल, तर जंतुसंसर्ग समजून दवाखाना गाठा. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. पॅड बदलल्याची वेळ वहीत लिहायला लावा. नुसतं 'लई गेलं' म्हटल्यावर डॉक्टरांना काहीच कळत नाही. आणि चार गोळ्यांनंतर २४ तासांत रक्तच आलं नाही, तरीही कळवायचं.

औषध दुकानदार, राजारामपुरी
चिठ्ठीशिवाय हे पाकीट देत नाहीत, त्याला कारण आहे. आपल्याकडे घरी घ्यायची मर्यादा नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. 'पाळी चुकून दोनच आठवडे झालेत' म्हणणारी बाई सहा आठवड्यांवर असते. तांबी बसवलेली, रक्त पातळ करणारी औषधं किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असलेली, हिमोग्लोबिन फार कमी असलेली बाई असेल, तर डॉक्टरांना ते आधी कळलंच पाहिजे. गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्यांनी पडत नाही. पोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर यातलं काही झालं, तर थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, गाठायचं.

आशा सेविका, करवीर
नवऱ्याची सही लागते, असं बायकांना सांगतात. आणि आठवड्याने गरोदरपण तपासायच्या किटवर पुन्हा दोन रेघा आल्या की दुसरं पाकीट घेतात.

समुपदेशक, इचलकरंजी
अठरा पूर्ण असतील तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची, सासूची नाही. १९७१ च्या कायद्यात २०२१ ला सुधारणा झाली, तेव्हा लग्न न झालेल्या बायकांचाही विचार झाला आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक झालं. अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते.

किटचं म्हणाल, तर गरोदरपणाचं हार्मोन रक्तात तीन-चार आठवडे राहू शकतं, म्हणून आठवड्याच्या दोन रेघांना अर्थ नाही. दुसरं पाकीट तर नकोच. १४-१५ दिवसांनी तपासणी ठरलेली असते, ती चुकवू देऊ नका. त्यात गर्भ वाढतोय असं दिसलं तर तसाच ठेवणं धोक्याचं, कारण मिसोप्रोस्टोलमुळे बाळात व्यंग येऊ शकतं. आणि पुढची पाळी यायच्या आधी, आठ-दहा दिवसांतही पुन्हा दिवस राहू शकतात. कुटुंब नियोजनाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवायला सांगा.

परिचारिका, शाहूपुरी
एक राहिलं. दुसऱ्या गोळ्यांचा दिवस ठरवताना रस्ता बघा. पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर पाणी येतं. तेव्हा तिकडच्या बाईने तो दिवस शहरात नातेवाइकांकडे काढावा, आणि सोबत कुणीतरी जाणती बाई असावी.