सिस्टिक फायब्रोसिस: सोडियम उगाच बदनाम, खरा दोष ग्रंथींचा

खारटपाणी
सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार. त्याबद्दल कुठेही वाचा, एकच पाठ: श्वासनलिकेच्या पृष्ठभागावरच्या पेशी सोडियम जास्त शोषतात, पाणी त्यामागे जातं, कफ सुकतो. मला हे पटत नाही. मूळ बिघाड श्वासनलिकेच्या भिंतीतल्या, कफ स्रवणाऱ्या ग्रंथींत आहे. निरोगी असताना तिथल्या पेशी रक्ताच्या बाजूने सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकदम आत ओढतात. सोडियम पंपाने बाहेर, पोटॅशियम आपल्या वाटेने परत, आणि साठलेलं क्लोराइड ग्रंथीच्या नळीत उतरतं. पाणी त्याच्या मागोमाग. क्लोराइडचं दार म्हणजे सीएफटीआर हे प्रथिन; या आजारात तेच बिघडलेलं असतं. बायकार्बोनेटही तिथूनच जातं.

श्वासनलिकेचा तुकडा पुसून वर तेल पसरलं की प्रत्येक ग्रंथीच्या तोंडाशी इवलासा गोल थेंब फुगताना दिसतो. व्यास मोजा, स्राव कळतो. व्हीआयपी हे चेतारसायन दिलं की निरोगी ग्रंथी थेंब देतात. रुग्णाच्या ग्रंथी ढिम्म.

शंकासुर
आणि ॲसिटिलकोलीनसारखं औषध दिल्यावर त्याच ग्रंथी थेंब देतात, ते सोयीस्करपणे गाळलंत? पेशीत कॅल्शियम वाढलं की क्लोराइडला दुसरी वाट मिळते. शिवाय 2004 चे उंदीर आठवा: सीएफटीआर शाबूत, फक्त सोडियमची वाहिनी जास्त कामाला लावली, तरी फुप्फुसात कफाची बुचं. उंदराला ग्रंथी असतात त्याही श्वासनलिकेच्या वरच्या टोकालाच, म्हणजे ही बुचं ग्रंथींविनाच.

खारटपाणी
गाळलं नाही हो, राहिलं. थेंब येतो, पण लहान. आणि उंदरांवरून इतकंच कळतं की सोडियम वाढवून असा आजार घडवता येतो. रुग्णात तसंच घडतं, हे कुठे कळलं? सीएफटीआर नसलेल्या डुकरांत 2010 मध्ये सोडियमचं शोषण वाढलेलं आढळलंच नाही. सोडियम अडवणारं एमिलोराइड श्वासावाटे देऊन पाहिलं, तिथेही निराशाच.

शंकासुर
मग 7 टक्के मिठाच्या पाण्याच्या नेब्युलायझरने रुग्णांना फायदा का होतो? पाणी कमी पडतंय म्हणूनच ना!

पेशीवाली
मध्येच बोलते. पाण्यावर दोघंही अडकलात. पेशीत म्युसिन, म्हणजे कफाला चिकटपणा देणारं प्रथिन, कॅल्शियमने आवळून घडी घातलेलं असतं. बाहेर पडल्यावर बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेतं, तेव्हा कुठे म्युसिन फुलतं. 2014 मध्ये अशाच डुकरांच्या पिलांची श्वासनलिका चक्क खारट पाण्यात बुडवून पाहिली. तरी कफाचे धागे ग्रंथींच्या तोंडाला चिकटलेलेच, रोमिका (कफ पुढे ढकलणारे पेशींवरचे सूक्ष्म केस) ओढताहेत आणि धागा तुटत नाही. आता पाणी कमी कसं म्हणणार?

शंकासुर
हा मुद्दा जड आहे, कबूल. पण अगदी लहान श्वासनलिकांत ग्रंथी नसतातच, आणि आजार लवकर दिसतो तो तिथेच. त्याचं काय?

खारटपाणी
तिथे पृष्ठभागावरच्या पेशींतही सीएफटीआर आहे. शीर्षकात ‘ग्रंथींचा’ऐवजी ‘स्रावाचा’ लिहायला हवं होतं.

शंकासुर
मग बदला की.