अनुभव धागा : रानभाजी, रानमेवा आणि विषबाधा

सातरस्ता
बाजारात पाथरीच्या जुड्या दिसल्या आणि शाळांच्या कुंपणावरची चंद्रज्योत आठवली. मोगली एरंड म्हणतात तीच. फळात तीन काळ्या बिया, चव शेंगदाण्यासारखी गोडसर, म्हणून पोरं मूठमूठ खातात. मग काही तासांतच घशात आग, उलट्या, जुलाब. बहुतेक मुलं सलाईनवर एक-दोन दिवसांत बरी होतात, पण लहान अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. घरी वाट बघत बसायचं नाही. जाणकारांनी लिहा. किस्से कमी, ओळख आणि उपाय जास्त.

बार्शीकर
धोत्रा! बोंड आल्यावर कुणीही ओळखतं, घोटाळा कोवळ्या रोपात होतो. तांदुळजा, चाकवत खुडताना पाटीत येतं. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, आणि पानाच्या बुडाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक खाली उतरलेली. शिजवून विष जात नाही. अर्ध्या-एक तासात तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं पण घाम नाही, लघवी अडकते, माणूस हवेतलं काहीतरी वेचत बडबडतो. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि मोलाचा वेळ देवऋषाकडं जातो.

गड्डा_फिरस्ता
मग उतारा काय बे? लिंबू चालतं का?

कंपौंडरकाका
लिंबू, ताक, तूप काही नको. मिठाचं पाणी पाजून उलटी तर अजिबात काढू नका. गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते, आणि मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. 108 ला फोन करा. झाडाची फांदी पान-फूल-फळासकट घ्या, उरलेली भाजी डबीत घ्या. कुणी, किती, किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहा. दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास असतं, नंबर फ्रीजवर चिकटवा. दवाखान्यात कोळशाची पूड देतात, ती पहिल्या तासात जास्त कामाची. चुलीतला कोळसा खलून पाजू नका, ती पूड वेगळी.

माळावरची
घोळीची भाजी घेताना देठ मोडायचा. पांढरा चीक आला की टाकून द्यायची.

रानवेडी
@माळावरची ताई, घोळीपुरतं बरोबर. पण पाथरीला पण चीक येतो, म्हणून सगळ्या भाज्यांना तो नियम लावू नका. घोळीचा देठ मांसल, लालसर, पान जाड आणि गुळगुळीत. चिकाची नायटी तिच्याशेजारीच उगवते, तिचं पान पातळ आणि देठ केसाळ. आणि मुतखडेवाल्यांनी घोळ बेतानं, ऑक्झलेट भरपूर असतं. हे कुणी सांगत नाही.

गड्डा_फिरस्ता
पाथरी कुठं मिळाली पण? आमच्याकडं नुसती मेथीच.

सातरस्ता
सोलापूरचा मंगळवार बाजार, सकाळी लवकर. नऊनंतर गेलात तर पिवळी पडलेली मिळेल.

बार्शीकर
कंदांचं राहिलं. कळलावीचा कंद रताळं समजून उकडतात. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. पहिले काही तास काहीच होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. मग पटकीसारखे जुलाब, पुढं मूत्रपिंड आणि रक्तपेशींवर परिणाम. वाचलेल्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळतं. वेल नीट बघितल्याशिवाय कंद घरी आणू नये.

कंपौंडरकाका
त्यात बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, जोडा. ती हृदयाची लय बिघडवते. पेशंट बसून गप्पा मारत असला तरी ईसीजी आणि निदान एक दिवस देखरेख हवीच. एरंडाची बी अख्खी गिळली तर धोका कमी, चावली तर जास्त, कारण टरफल फुटलं की विष सुटतं. गुंजेचंही तसंच. तरी अख्खी गिळली म्हणून घरी थांबू नका.

माळावरची
पिवळा धोत्रा पण लिहा की, तेलात येतो तो.

रानवेडी
हो, बिलायत. बी मोहरीसारखी काळी, पण भिंगाखाली जाळीदार, खडबडीत दिसते. मोहरीच्या तेलात भेसळ झाली की पाय सुजतात, दम लागतो. 1998 साली दिल्लीत त्याचीच साथ होती.

गड्डा_फिरस्ता
आपल्याकडं करडईचं तेल बरं मग. घाण्याचं कुठं मिळतं सांगा राव.

माळावरची
अक्कलकोट रोडला विचारा. बाटली घेऊन जा, तिथं सुटंच देतात.